रेडिंगमधलं आमचं रेकॉर्डचं दुकान: आमची वाटचाल

इंग्लंडमधल्या रेडिंग गावात आमचं रेकॉर्डचं दुकान आहे. एक गाळा, मागे पार्सलं बांधायची खोली, मी, माझा नवरा आणि शनिवारी मदतीला येणारी कॉलेजची एक मुलगी, एवढाच पसारा. माल दोनच प्रकारचा: शूगेझ (गिटारच्या दाट थरांचं रॉक) आणि डान्स-पंक (नाचायला लावणारं पंक). नवे बँड आणि जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्या शेजारी शेजारी. बीटल्स किंवा पिंक फ्लॉइड शोधत कुणी आलं, तर गावातल्या दुसऱ्या दुकानांचा रस्ता आम्ही आनंदाने दाखवतो.

हे दुकान रेडिंगमध्येच असण्याला कारण आहे. स्लोडाइव्ह आणि चॅप्टरहाउस हे शूगेझचे दोन बँड इथले. रेल्वेने अर्ध्या तासावर ऑक्सफर्ड, तिथले राइड आणि स्वर्व्हड्रायव्हर. १९९०-९१ च्या सुमाराला टेम्स नदीच्या या पट्ट्यातली विशीतली मुलं गिटारचा सूर पायाशी मांडलेल्या पेडल्समधून फिरवून त्याचे थरावर थर चढवत होती. गाणाऱ्याचा आवाज त्या थरांच्या वर न ठेवता आत मुरवलेला. मान खाली, नजर पेडल्सवर, जणू स्वतःचे बूट न्याहाळतायत, म्हणून शूगेझ हे नाव. त्याआधी डब्लिनमध्ये सुरू झालेल्या माय ब्लडी व्हॅलेंटाइनने १९८८ च्या ‘इझन्ट एनीथिंग’मध्ये वाट पाडून दिली होती, आणि १९९१ च्या ‘लव्हलेस’ने ती कुठवर जाऊ शकते ते दाखवलं.

मी मिरजेची, सतारमेकर गल्लीच्या जवळ वाढलेली. तानपुऱ्याची जवारी लावताना कारागीर तीच तार पुन्हा पुन्हा छेडतात आणि एका सुरातून आणखी सूर उमलत जातात, ते ऐकतच मी मोठी झाले. इथे आल्यावर गावच्या लायब्ररीतून स्लोडाइव्हच्या ‘सूव्हलाकी’ची सीडी घरी आणली, तेव्हा लोक ज्याला गोंगाट म्हणतात तो मला अजिबात परका वाटला नाही. दोन तानपुरे नीट जुळले की मैफिलीत जी आस भरून राहते, ती इथे विजेच्या गिटारांतून येत होती. हा बँड आपल्याच गावचा आहे हे मला नंतर कळलं, आणि गावात त्यांची एकही रेकॉर्ड विकत मिळत नाही हेही.

का मिळत नव्हती, याचं उत्तर शोधता शोधता आम्ही या धंद्यात आलो. हे अल्बम निघाले ते नेमके सीडीच्या भरभराटीच्या काळात. विनाइल, म्हणजे तबकडीची रेकॉर्ड, तेव्हा मोजकंच छापलं जाई. त्यात इंग्लंडच्या संगीत साप्ताहिकांनी १९९३ पर्यंत या बँडकडे पाठ फिरवली होती, ‘सूव्हलाकी’ची तर चिरफाड केली होती. १९९५ मध्ये ‘पिग्मॅलियन’ आला आणि लगेचच क्रिएशन रेकॉर्ड्स या त्यांच्या लेबलने (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने) स्लोडाइव्हला सोडून दिलं. ज्या थोड्या प्रती छापल्या गेल्या, त्या पुढे संग्राहकांच्या हाती गेल्या आणि किमती सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर. संगीत होतं, ऐकणारे नव्याने तयार होत होते, पण दोघांच्या मधे वस्तूच नव्हती.

२०११ च्या सुमाराला म्युझिक ऑन विनाइल या डच कंपनीने स्लोडाइव्हचे अल्बम पुन्हा छापायला घेतले. आम्ही साठवलेल्या पैशांतून एक खोकं मागवलं आणि घरातूनच टपालाने विक्री सुरू केली. खोकं संपलं, दुसरं मागवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या दंगलीत एन्फिल्डमधलं एक मोठं गोदाम जळालं. दीडशेहून अधिक स्वतंत्र लेबलांचा माल तिथे होता. एका रात्रीत कितीतरी अल्बमच्या शिल्लक प्रती राख झाल्या. आम्ही मागवलेला मालही त्यात अडकला, पण आमचं नुकसान ते किती! ज्यांच्याकडे पुन्हा छापायला पैसे नव्हते, अशा लेबलांची काळजी वाटत होती. अल्बम एकदा निघाला की तो कायमचा उपलब्ध राहतो, असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो कुणीतरी पुन्हा पुन्हा उपलब्ध करून द्यावा लागतो. आमच्या धंद्याचं सगळं काम याच एका वाक्यात येतं.

डान्स-पंकचं दालन माझ्या नवऱ्याचं. त्याचा कान तालाचा. लीड्सच्या गँग ऑफ फोरने १९७९ मध्ये ‘एंटरटेनमेंट!’ काढला: बास पुढे, ड्रम नाचायला लावणारे, गिटार तुकड्या-तुकड्यांत कापलेली. न्यूयॉर्कमध्ये त्याच सुमाराला साउथ ब्राँक्सच्या स्क्रॉगिन्स बहिणींनी ईएसजी हा बँड काढला. ढोबळमानाने बास, ड्रम, काँगा (हाताने वाजवायचे उभे ढोल) आणि आवाज, बस. त्यांच्या ‘यूएफओ’ या वाद्यसंगीताचे तुकडे हिप-हॉपवाल्यांनी इतक्या वेळा उचलले की १९९२ मध्ये या बहिणींनी आपल्या रेकॉर्डचं नावच ‘सॅम्पल क्रेडिट्स डोन्ट पे अवर बिल्स’ ठेवलं. नामोल्लेखाने घरभाडं भरलं जात नाही, असा त्याचा रोख. म्हणूनच २०१८ मध्ये फायर रेकॉर्ड्सने त्यांचा १९८३ चा ‘कम अवे विथ ईएसजी’ पुन्हा काढला, तेव्हा आमच्या हिशेबाने बऱ्याच जास्त प्रती आम्ही मागवल्या. ज्यांच्या तालावर इतरांनी नाव कमावलं, त्यांचीच रेकॉर्ड दुकानात नसणं आम्हाला पटत नव्हतं. त्या सगळ्या विकायला दोन वर्षं लागली. लागू देत. खपत नाही म्हणून चांगली रेकॉर्ड अर्ध्या किमतीला काढायची नाही, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे.

पुन्हा छापलेली प्रत्येक रेकॉर्ड आम्ही ठेवतो असं नाही, आणि इथे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण गिऱ्हाइकं याबद्दल सगळ्यांत जास्त विचारतात. विनाइलच्या एका बाजूला जागा मर्यादित असते. आवाज मोठा आणि खर्ज भरपूर असेल तर खाच रुंद कापावी लागते, मग वेळ कमी बसतो. वेळ जास्त बसवायचा तर आवाज उतरवावा लागतो. ‘लव्हलेस’ पाऊण तासाहून मोठा, म्हणजे बाजूला चोवीस मिनिटांच्या आसपास. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिटारांचे गच्च थर. असा अल्बम घाईने, सीडीसाठी केलेल्या फाइलवरून कापला तर थर विरघळतात आणि नुसता घुर्रर्र आवाज उरतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या केव्हिन शील्ड्सने मूळ टेपवरून, मधे डिजिटल टप्पा न आणता, ‘इझन्ट एनीथिंग’ आणि ‘लव्हलेस’ पुन्हा कापून घेतले आणि २०१८ मध्ये काढले. २०२१ मध्ये डॉमिनो या लेबलकडे गेल्यावर ते सर्वसाधारण दुकानांपर्यंत पोहोचले. आमच्या दुकानात दोन आवृत्त्या लागोपाठ लावून ऐकवतो. फरक समजावून सांगावा लागत नाही.

डान्स-पंकचं गणित उलट. तिथे बारा इंची तबकडीवर एका बाजूला एकच गाणं, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने: खाच ऐसपैस, बास पोटात जाणवणारा. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या डीएफए लेबलने द रॅप्चरचं ‘हाउस ऑफ जेलस लव्हर्स’ बारा इंचीवर काढलं आणि गिटारवाल्यांची गर्दी आणि नाचणाऱ्यांची गर्दी एका खोलीत आली. त्या काळात कॉलेजात असलेले लोक आज मुलांना घेऊन दुकानात येतात आणि मुलांनाच विकत घ्यायला लावतात.

टेपनंतर दुसरा प्रश्न हक्कांचा. बँडला पैसे मिळणार आहेत का? बँडला विचारून काढलंय का? लेबलकडून याचं सरळ उत्तर मिळालं तरच आम्ही माल घेतो. रंगीत विनाइलच्या सात-आठ प्रकारांत तोच अल्बम काढून त्याच माणसाला पुन्हा पुन्हा विकणं आम्हाला आवडत नाही. आम्ही काळी प्रत ठेवतो, आणि छापणाऱ्याने नीट काम केलं असेल तर एखादी रंगीत. पायलॉन या अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या बँडचं उदाहरण मी नेहमी देते. त्यांचे ‘जायरेट’ आणि ‘चॉम्प’ २०२० मध्ये न्यू वेस्ट लेबलने जुनी छायाचित्रं आणि लेखांसकट एका पेटीत (बॉक्स सेटमध्ये) काढले. त्यांचा गिटारवादक रँडी ब्यूली २००९ मध्ये गेला होता. त्याची बोटं काय करत होती ते त्या नव्या आवृत्तीत स्पष्ट ऐकू येतं. न्यूयॉर्कच्या बुश टेट्राज या डान्स-पंक बँडची पेटी ब्रुकलिनच्या वॉर्फ कॅट लेबलने २०२१ मध्ये काढली, आणि ती येण्याच्या जरा आधीच त्यांचा ड्रमर डी पॉप गेला. लेबल तिथेच थांबलं नाही. २०२३ मध्ये त्याच बँडचा नवा अल्बम काढला, आणि त्याच वर्षी ड्रॉप नाइन्टीन्स या बॉस्टनच्या शूगेझ बँडचाही, तीस वर्षांच्या खंडानंतर. आमच्या दोन्ही दालनांना एकाच छोट्या लेबलकडून माल मिळाला, याचं मला फार कौतुक आहे.

आता पैशाचं. नव्या विनाइलवर दुकानदाराच्या हाती शंभरातले पंचवीस-तीस राहतात, आणि न विकलेला माल परत घेतला जात नाही. अनोळखी बँडच्या पाच प्रती घेणं ही दर वेळी जोखीम असते. ती आम्ही ‘सूव्हलाकी’ आणि ‘एंटरटेनमेंट!’च्या जोरावर उचलतो. जुन्या अल्बममधून जे सुटतं, त्यातला ठरलेला वाटा नव्यांच्या खरेदीला. हल शहराच्या बीडीआरएमएमचा पहिला अल्बम २०२० मध्ये सॉनिक कॅथेड्रल या लेबलने काढला, तेव्हा तो याच पैशांतून घेतला होता. पुढे तो बँड, मोग्वाई या स्कॉटिश बँडच्या रॉक अ‍ॅक्शन लेबलवर गेला आणि आज त्यांच्यासाठी लोक आधीच नाव नोंदवतात. ब्रुकलिनच्या मॉडेल/अ‍ॅक्ट्रिझचा ‘डॉग्जबॉडी’ २०२३ मध्ये आला, तो आम्ही मुद्दाम गँग ऑफ फोरच्या शेजारी उभा केला. गिटारला ढोलासारखं वापरायचं हे त्यांना कुठून सुचलं असेल, ते शेल्फ बघूनच समजतं.

२०२० ची सुरुवातच वाईट झाली. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावी अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. रेकॉर्ड कापायला लागणाऱ्या लॅकरच्या तबकड्या जगात दोनच ठिकाणी होत, त्यातलं हे एक. उरला तो जपानमधला. त्यापाठोपाठ करोना आला, दुकान बंद, आणि घरी बसलेल्या लोकांकडून मागणी मात्र दुप्पट. मोठ्या कंपन्यांनी छपाईच्या तारखा आधीच अडवून ठेवल्या. पाचशे प्रती छापणाऱ्या बँडला वर्षभर थांबावं लागे. त्यांच्यात आमचे सगळेच बँड होते. आम्ही गिऱ्हाइकांना आगाऊ पैसे भरायला सांगितलं, ते पैसे लेबलांना आधीच दिले, आणि लोक थांबले. कुणी तगादा लावला नाही. त्या वर्षभराच्या विश्वासावरच आज आमचं दुकान उभं आहे.

मग ब्रेक्झिट. १ जानेवारी २०२१ पासून युरोपला जाणाऱ्या प्रत्येक पार्सलला जकातीचा कागद. जुलैपासून बावीस युरोंच्या आतल्या पार्सलची करमाफीही गेली. जर्मनी आणि फ्रान्सची कितीतरी कायमची गिऱ्हाइकं तुटली. लंडनच्या एका वितरकाने तेव्हा आमचे पैसे बरेच महिने अडकवून ठेवले, तेही सोसलं. त्याच्या पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये विनाइलच्या विक्रीची रक्कम १९८७ नंतर पहिल्यांदाच सीडीच्या पुढे गेली. लहान दुकानं त्या लाटेवर तगली, आम्हीही.

पण मला खरा आनंद आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. टिकटॉकवर स्लोडाइव्ह ऐकून सोळा-सतरा वर्षांची मुलं दुकानात येतात. आई-वडिलांकडे रेकॉर्ड प्लेयर नसतो, तो ती स्वतःच्या पैशाने घेतात. २०२३ मध्ये स्लोडाइव्हचा ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत सहाव्या क्रमांकावर आला. ज्यांना १९९५ मध्ये लेबलने घरी पाठवलं, तो हा बँड! त्याच वर्षी फोरएडी लेबलने लश या लंडनच्या शूगेझ बँडचे अल्बमही पुन्हा विनाइलवर आणले, आणि लशच्या एमा अँडरसनचा स्वतःचा नवा अल्बम सॉनिक कॅथेड्रलवर आला. जुनं आणि नवं एकाच आठवड्याच्या खोक्यांत येऊ लागलं.

विद्यापीठात शिकायला आलेली मराठी मुलं दुकानाबाहेरून जाताना आमचं बोलणं ऐकून थबकतात. एक नाशिकचा मुलगा म्हणाला, “ताई, हे तर हेडफोनवरच ऐकलंय. हातात धरायची वस्तू आहे हे माहीतच नव्हतं.” त्याला दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या पॅरानूलचा २०२१ चा अल्बम ऐकवला. स्वतःचं नाव न सांगणाऱ्या एका माणसाने घरात संगणकावर केलेलं काम. तो उठेचना. ही मुलं सुटीत घरी जाताना एखादी रेकॉर्ड कपड्यांच्या मधे घालून नेतात. बाहेरच्या कव्हरची शिवण फाटू नये म्हणून तबकडी बाहेर काढून वेगळी ठेवायची, हे आम्ही प्रत्येकाला दाखवून देतो. टपालाने पाठवतानाही तसंच बांधतो.

महाराष्ट्रातून विचारणा येते तेव्हा मी आधी टपालखर्च सांगते, कारण तो कधी कधी रेकॉर्डच्या निम्म्यावर जातो. एखादीच हवी असेल तर मुंबई-पुण्याच्या दुकानांत चौकशी करा, किंवा बँडकॅम्प या बँड थेट विक्री करतात त्या वेबसाइटवरच्या त्यांच्या पानावरून फाइल विकत घ्या. बँडकॅम्प ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडतं, त्या दिवशी घेतलंत तर बँडला जास्त मिळतं. तीन-चार जणांनी मिळून मागवलंत तर मात्र आमच्याकडून घेणं परवडतं. कोणती आवृत्ती चांगली कापलेली आहे, कोणती टाळावी, हे बिनधास्त विचारा. मराठीतच लिहा. उत्तर मी स्वतः देते, साधारण सोमवारी, कारण शुक्रवारी नवा माल येतो आणि शनिवार-रविवार दुकानात उसंत नसते.