लाल शाईने आख्खं पान

मंगळवार, रात्री

आजचं पान लाल शाईने लिहितेय. समासात खुणा करायला नाही की चुकांखाली रेघा ओढायला नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ लाल.

लाल शाईची हौस असणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. बहुतेक लाल शाया दुसऱ्या कुणाच्या तरी लिखाणावर उठून दिसाव्यात म्हणूनच केलेल्या असतात. निळ्या-काळ्या ओळींच्या गर्दीत फुली लांबून दिसली की त्यांचं काम झालं. त्याच शाईने सलग लिहायला घेतलं की पान अर्धं होईतो डोळे चुरचुरतात, आणि उद्या वाचायचं म्हटलं तर आपलंच अक्षर आपल्यावर ओरडतंय असं वाटतं. मला तपासण्याची लाल नको होती, लिहिण्याची हवी होती. ती मिळाली असं आज म्हणायला हरकत नाही. डायमाइनची ऑक्सब्लड.

नाव अंगावर येणारं आहे (ऑक्सब्लड म्हणजे बैलाचं रक्त), पण रंग तसा नाही. गडद, थोडा तपकिरीकडे झुकलेला, जुनी वीट फोडल्यावर आत दिसतो तसा. लिहिल्याबरोबर ओली रेघ जास्त भडक दिसते, वाळता वाळता खाली बसते. जाड निबने लिहिलं की अक्षराच्या सुरुवातीला फिकी आणि जिथे हात थांबतो तिथे गडद, असा चढउतार एकाच शब्दात दिसतो. ‘क’चा दांडा आणि त्याची गाठ वेगवेगळ्या शाईने काढल्यासारखी. हा खेळ भडक लाल शायांत फारसा दिसत नाही, त्या एकसुरी उमटतात.

डायमाइन हे नाव जुनं, १८६४ पासूनचं. सुरुवात लंडनची, आता शाई लिव्हरपूलमध्ये बनते. ३० मिलीची प्लॅस्टिकची बाटली आणि ८० मिलीची काचेची. मी लहान बाटलीपासून सुरुवात केली होती, आता मोठी आणली आहे. कौल यातच आला.

बुधवार

हिच्या आधीच्या शायांबद्दल लिहायचं राहिलं.

लाल रंगाची जागा फार चिंचोळी आहे. जरा इकडे सरकलं की गुलाबी, जरा तिकडे सरकलं की केशरी. पेलिकनची ४००१ मालिकेतली ब्रिलियंट रेड गुलाबीकडच्या बाजूला. पायलटच्या इरोशिझुकूमधली मोमिजी त्याहून गुलाबी, सुंदर आहे, पण तिला लाल म्हणायला जीभ वळत नाही. त्याच मालिकेतली फुयु-गाकी दुसऱ्या टोकाला, केशरीकडे. (इरोशिझुकूच्या बाटल्या मात्र रिकाम्या झाल्यावरही टाकवत नाहीत. तळाला खळगा असतो, शेवटची शाईसुद्धा निबपर्यंत पोचते. सगळ्यांनी अशाच बाटल्या का करू नयेत?)

यात पेनाचाही हात असतो, हे बारीक निब वापरणाऱ्यांना ठाऊक असतं. बारीक निब कागदावर शाई कमी सोडते, थर पातळ बसतो, त्यातून कागदाचा पांढरा डोकावतो आणि लालची गुलाबी होते. निळी पातळ झाली तरी डोळा तिला निळीच मानतो. लालला ती सवलत नाही. म्हणून एखादी लाल शाई बारीक निबमधून बघून नापास करू नये, आणि जाड निबमधून बघून घाईने बाटलीही आणू नये. आपण रोज ज्या पेनाने लिहितो त्यातच बघावी.

जे. हर्बिनची रूज हेमटाइट हा वेगळा प्रकार. कंपनी स्वतःचा जन्म १६७० चा सांगते आणि ३४० वर्षं झाल्याबद्दल २०१० साली ही शाई काढली होती. लाल रंगावर सोनेरी-हिरवट झळाळी. ही झळाळी म्हणजे कागदात न मुरता वरच राहिलेला रंग. शोषून न घेणाऱ्या कागदावर, उदाहरणार्थ टोमोए रिव्हरच्या पातळ पानांवर, ती खुलते; साध्या वहीत जवळजवळ नाहीशी होते. बघायला मजा येते. पण वाचताना डोळा मजकुरावरून झळाळीवर घसरतो, आणि मला रोजनिशी लिहायची आहे, प्रदर्शन मांडायचं नाही.

शुक्रवार, दिवे गेल्यावर

मेणबत्तीशी बसून लिहिलंय, कारण ही संधी सोडवेना.

लाल शाई दिवसा एक आणि रात्री दुसरीच असते. अंधूक उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना लाल प्रकाश जवळपास कळतच नाही. म्हणून संध्याकाळ उतरली की निळं अजून दिसत असतं आणि लाल आधी काळवंडतं. यान पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञाने १९ व्या शतकात हे टिपलं, आजही त्या परिणामाला त्याचंच नाव आहे. मेणबत्तीचं उलट. ज्योतीच्या उजेडात लालचा भाग मोठा, निळ्याचा अगदी थोडा. त्यामुळे ज्योतीच्या जवळ धरलं तर भडक लाल शाई फिकी होऊन कागदाशी मिसळू लागते. ऑक्सब्लडमध्ये गडदपणा असल्याने ती इथेही वाचता येतेय. हातभर लांब कोपऱ्यात सरकवली तर सरळ काळी दिसते.

एलईडीचा घोळ आणखी निराळा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा जो आकडा खोक्यावर छापतात, तो आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा नमुना, तो त्या सरासरीत धरतच नाहीत. म्हणून आकडा ८० च्या वर असूनही स्वस्त पांढऱ्या दिव्याखाली लाल शाई मळकट तपकिरी दिसू शकते. शाई दिव्याखाली आवडली नाही तर दुसऱ्या दिवशी खिडकीत नेऊन बघावी, मग बोलावं.

शनिवार

दुपारी पेन धुण्यात गेली.

लाल शाई पेनाला चिकटते, याची तक्रार सगळेच करतात. पारदर्शक पेनात एक भडक लाल शाई बरेच दिवस राहिली होती (नाव घेत नाही, सगळीच भडक भावंडं अशीच). पाण्याने धुतलं, रबरी फुग्याने पाणी मारलं, पाण्यात अमोनियाचे थेंब टाकून रात्रभर ठेवलं, तरी टाकीला गुलाबी झाक आहेच. निबच्या चिरेजवळ वाळलेल्या शाईचे खडेही धरतात, कारण गडद रंग आणायला पाण्यात रंगद्रव्य भरपूर घातलेलं असतं. पाणी उडालं की ते तिथेच बसतं. लिहिण्यात फारसा अडथळा येत नाही, टोपण उघडल्यावर दिसायला मात्र ओंगळ. ओलसर फडक्याने पुसलं की निघतं.

एक गोष्ट मात्र पाळण्यासारखी. लाल शायांत पुष्कळदा इओसिन हा रंग असतो. १८७० च्या दशकात हाइनरिख कारो या जर्मन रसायनतज्ज्ञाने तो बनवला. आम्लात तो विरघळलेला राहत नाही, गाळ होऊन खाली बसतो. जुन्या पद्धतीची लोहयुक्त निळी-काळी शाई आम्लधर्मी असते. तेव्हा तसली शाई असलेल्या पेनात, नीट न धुता, लाल भरली तर फीडमध्येच, म्हणजे निबखालच्या शाई पुरवणाऱ्या भागातच, गाळ धरायचा. दोन बाटल्या एकत्र करून आपली खास लाल बनवायचा मोह होतो त्यांनी आधी काचेच्या भांड्यात चमचाभर मिसळून रात्रभर ठेवावं.

इओसिनचं दुसरं दुखणं ऊन. व्हॅन गॉगने १८९० साली रंगवलेले गुलाब आता बरेचसे पांढरे दिसतात; त्याच्या लाल रंगात इओसिन होतं, ते उडालं. त्याने गुलाबी गुलाब काढले होते. शाईचंही तेच. माझ्या खिडकीला सगळ्या लाल शायांच्या रेघांची एक पट्टी लावली आहे, अर्धी पुठ्ठ्याने झाकून. उघड्या बाजूला गुलाबीकडच्या शाया लवकर हरतायत. ऑक्सब्लडही फिकी झाली, खोटं कशाला बोलू, पण अक्षर लागतंय. वहीत मिटलेल्या पानाला ऊन कुठे लागतं! ज्यांना खरंच टिकाऊ लाल हवी त्यांनी न विरघळणाऱ्या बारीक कणांची, पिगमेंटची शाई घ्यावी आणि पेन वाळू देऊ नये. जुन्या हस्तलिखितांतले लाल मथळे शतकानुशतकं टिकले ते अशाच कणांमुळे, शेंदूर नाहीतर हिंगूळ. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. तो फाउंटन पेनात घालायची कल्पना कुणी करू नये, फीडही तुंबेल आणि अंगालाही बाधेल.

रविवार

मैत्रीण आली होती. वही चाळली आणि म्हणाली, “ही लाल कुठेय गं? तपकिरी आहे.”

मी तिच्यासमोर डायमाइनचीच एन्शंट कॉपर शेजारी लिहून दाखवली. ती खरी तांब्यासारखी तपकिरी. दोन्ही ओळी शेजारी आल्यावर ऑक्सब्लड लगेच लाल दिसू लागली. मग ती ब्रिलियंट रेडखाली ठेवली, तर परत तपकिरी! शेजारी कोण बसलंय त्यावर तिचा रंग ठरतो. यावर आमचा बराच वेळ वाद झाला. तिचं म्हणणं, शेजारी काही न ठेवता जी लाल दिसते तीच लाल. माझं म्हणणं, तसली लाल आख्खं पान वाचवत नाही. कुणी हरलं नाही.

तिच्यासाठी ब्रिलियंट रेड बारीक निबमध्ये भरून दिली, तिला कच्चे खर्डे तपासायचे असतात. ऑक्सब्लड जाड निबच्या पेनात राहील, आणि त्या पेनात आता दुसरी शाई भरायची नाही असं ठरवलंय.