डोळ्याची सोनोग्राफी

आईला शुगर आहे, म्हणून दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासून घेतो. आज ओसीटी होतं, म्हणजे प्रकाश वापरून पडद्याचे आतले थर दाखवणारी तपासणी. तीन तास ताटकळलो आणि तपासणी उरकली पाच मिनिटांत. "हनुवटी इथे टेका आजी. हिरव्या फुलीकडे बघा. हलू नका." आई इतकी ताठ बसली की श्वासही रोखून धरला असावा.

स्क्रीनवर पडद्याचा उभा छेद उमटला. चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर, मधोमध छोटासा खळगा. ना सुई, ना चिरफाड.

बाहेर आल्यावर विचारते, "डोळ्याचीपण सोनोग्राफी असते का रे?"

प्रश्न अगदी नेमका! फक्त इथे आवाजाऐवजी प्रकाशाचा प्रतिध्वनी. पण प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटीमीटर पळतो. केसाहून पातळ थरांमधला वेळ मोजणार कसा? म्हणून डोळ्यातून परतलेला प्रकाश आरशावरून आलेल्या प्रकाशात मिसळतात आणि व्यतिकरण बघतात, दोन लाटा एकमेकींना कुठे वाढवतात आणि कुठे मारतात ते. म्हणजे एमएस्सीला ज्या मायकेलसन इंटरफेरोमीटरने माझा घाम काढला, त्याचंच भावंड! त्यातले उजेड-अंधाराचे पट्टे मोजता मोजता मान आखडायची. 'याचा उपयोग काय' म्हणून आम्ही मनसोक्त शिव्या घालायचो. तिकडे एमआयटीत फुजिमोटो यांच्या गटाने 1991 सालीच याची पहिली चित्रं छापली होती. शोधनिबंधात पहिलं नाव डेव्हिड हुआंग यांचं, तेव्हा ते विद्यार्थीच होते.

रिपोर्ट चांगला आला, पडद्याला सूज नाही. ते ऐकल्या ऐकल्या आईने कँटीनमध्ये चहात साखर मागितली. अर्धाच चमचा, म्हणे.