पेशंटने सहकार्य केले नाही

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझी स्त्रीरोग ओपीडी आहे. त्या दिवशी आठवडी बाजार होता, म्हणजे गर्दी ठरलेली. सासू पुढे, एकवीस वर्षांची सून मागे, तिच्या हातात जाडजूड फाइल.

“आठ महिने झाले लग्नाला मॅडम, दिवस राहीनात,” सासूबाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

वर्षभर नियमित संबंध येऊनही गर्भ राहिला नाही, तर आम्ही साधारण वंध्यत्वाचा विचार करतो. इथे त्याआधीच थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच अशा हार्मोनच्या रक्ततपासण्या, सगळं करून झालेलं, आणि सगळं नॉर्मल. आतून करायच्या सोनोग्राफीच्या कागदावर मात्र शेरा होता, ‘पेशंटने सहकार्य केले नाही.’ शिवाय योनीमुखाचा पडदा कापून घ्यायचा सल्ला.

सासूबाईंना बाहेर बसवलं आणि विचारलं, आतून तपासणी कधी झालीय का?

“तेव्हाच, एकदा. काय करणार ते सांगितलंच नाही. मी ओरडले तर तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, लग्न झालंय ना तुझं, मग एवढं काय?”

आमच्याकडे लग्न झालंय की नाही, यावरच सगळं ठरतं. मुलगी अविवाहित असली की महिनोन् महिने पांढरं जाऊ दे, अंगावरून लाल जाऊ दे, गोळ्या लिहायच्या, बघायचं नाही. मंगळसूत्र दिसलं की बघायचं, विचारायचं नाही.

“संबंध येतात का?”

ती फाइलची दोरी गुंडाळत राहिली. “जमतच नाही. भिंत लागल्यासारखं होतं.”

सगळ्यात लहान कुस्को स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत बघायचा चिमटा, तिच्या हातात दिला, स्क्रू फिरवून दाखवला, आणि आज तो वापरणार नाही हेही सांगितलं. तू थांब म्हणालीस की मी थांबणार. सिस्टर उशाशी उभ्या राहिल्या. मांडीला नुसता कापसाचा बोळा लागला तरी गुडघे गच्च मिटले. “थांबा!” मी हात मागे घेतला. थोड्या वेळाने ती परत “थांबा” म्हणाली. या वेळी बहुधा मी खरंच थांबते का ते बघायला. मग लांब श्वास घेत तिनेच गुडघे सैल सोडले. मी बाहेरून फक्त पाहिलं. रचनेत काही दोष दिसला नाही, कापण्यासारखं तर काहीच नव्हतं.

व्हजायनिस्मस. योनीभोवतीचे स्नायू इच्छा नसताना आवळतात. ते कुणी मुद्दाम करत नाही, की ते धाकाने सुटत नाही. श्वासाचे आणि स्नायू सैल सोडायचे व्यायाम, आधी स्वतःचं बोट, मग लहानापासून मोठे डायलेटर, म्हणजे योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत कांड्या, असा उपचार समजावला. घाई नाही.

बाहेर सासूबाईंनी विचारलंच, “काय निघालं?”

“ट्रीटमेंट सुरू केलीय काकू. पुढच्या वेळी मुलाला पाठवा.”

तो आला. त्याच्याशी बोलणं जास्त अवघड गेलं. दोष आपलाच आहे असं धरून तो गुपचूप कुठल्यातरी वैद्याची महागडी पावडर खात होता, आणि बायकोला त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी दोघांना शेजारी बसवून पहिल्यापासून सगळं परत सांगितलं.