रात्रीच्या बॅचवरून रिअल-टाइमवर येताना

व्यवहारांवरचं काम रात्री एकदम (बॅचमध्ये) करण्याऐवजी व्यवहार येताच (रिअल-टाइम) करायचं ठरलं, तेव्हा कुठलंही टूल निवडण्याआधी आम्ही प्रत्येक रिपोर्टपुढे एक रकाना जोडला: उत्तर किती उशिरापर्यंत चालेल? कार्डचा संशयास्पद व्यवहार अडवायचा तर मंजुरीच्या आधी, म्हणजे मिलिसेकंदांत. ताळमेळ आणि नियामकाचे रिपोर्ट सकाळी मिळाले तरी पुरतात. म्हणून फक्त फसवणूक शोधण्याचं काम हलवलं, बाकीचं बॅचमध्येच राहिलं. सगळंच रिअल-टाइम करण्याचा हट्ट महागात पडतो.

मूळ डेटाबेसवर दर काही सेकंदांनी क्वेरी चालवणं टाळलं. लोड वाढतोच, शिवाय दोन क्वेरींच्या मध्ये बदलून पूर्ववत झालेली नोंद दिसतच नाही. त्याऐवजी डेबेझियम या बदल टिपणाऱ्या टूलने पोस्टग्रेस डेटाबेसचा ट्रान्झॅक्शन लॉग (प्रत्येक बदलाची नोंदवही) वाचून बदल काफ्का या मेसेज साठवून पुढे देणाऱ्या यंत्रणेत टाकले. मेख अशी, की डेबेझियम बंद पडलं तर रेप्लिकेशन स्लॉट (लॉग कुठवर वाचला याची डेटाबेसमधली खूण) जुना लॉग पुसू देत नाही. डिस्क भरत जाते आणि चालू डेटाबेसच आडवा होऊ शकतो. पोस्टग्रेसच्या आवृत्ती 13 पासून या लॉगला कमाल मर्यादा घालता येते. ती जरूर घाला, पण मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद होऊन नव्याने स्नॅपशॉट (सगळ्या डेटाची प्रत) घ्यावा लागतो, हेही धरून चला. रकमेचं सेटिंगही तपासा. डेबेझियम दशांश आकडे मुळात बाइट्सच्या रूपात पाठवतं. वाचायला सोपं म्हणून कुणी 'डबल' (अंदाजे दशांश) निवडलं की अचूकता गेली. 'स्ट्रिंग' (मजकूर) ठेवा.

काफ्कात क्रम फक्त एका पार्टिशनपुरता (मेसेजच्या एका रांगेपुरता) टिकतो, म्हणून पार्टिशन ठरवणारी 'की' (key) खाते क्रमांक ठेवली. पार्टिशन सुरुवातीलाच ऐसपैस ठेवावेत, कारण नंतर वाढवले की तेच खातं दुसऱ्या पार्टिशनवर जाऊ शकतं आणि जुन्या-नव्या व्यवहारांचा क्रम बिघडतो. मेसेज साठवण्याची मूळ मुदत 7 दिवस आहे. नवा नियम जुन्या व्यवहारांवर चालवून पाहायचा तर ती अपुरी पडते.

सर्वात जास्त डोकं खाल्लं ते वेळेने. फ्लिंक या येणारा डेटा लगेच हिशेबात घेणाऱ्या टूलमध्ये विंडो (ठरावीक वेळेतल्या व्यवहारांचा गट) बंद होते ती वॉटरमार्क ('इथवरचे व्यवहार आले' अशी वेळेची खूण) पुढे सरकल्यावर, आणि वॉटरमार्क सर्वात मागे राहिलेल्या पार्टिशनच्या चालीने सरकतो. एखाद्या पार्टिशनवर रात्री व्यवहारच आला नाही, तर सगळ्या विंडो ताटकळतात. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, नुसते अलर्ट थांबतात. उपाय सोपा आहे: ठरावीक वेळ शांत असलेलं पार्टिशन हिशेबातून वगळायचं सेटिंग. अर्थात '5 मिनिटांत 4 पेक्षा जास्त व्यवहार' असा अडवणारा नियम विंडोवर बसवूच नये. प्रत्येक व्यवहार आला की त्या कार्डाची स्टेट (आधीच्या व्यवहारांची साठवलेली नोंद) तपासून तिथल्या तिथे निकाल द्यावा.

'एक्झॅक्टली वन्स'चा (प्रत्येक निकाल नेमका एकदाच पोचण्याचा) मोहही आवरावा लागतो. काफ्कात ट्रान्झॅक्शनने लिहिलेले निकाल फक्त कमिट झालेलं वाचणाऱ्याला चेकपॉइंट (फ्लिंक आपली स्थिती जपून ठेवतं तो टप्पा) पूर्ण झाल्यावरच दिसतात. चेकपॉइंट 60 सेकंदांनी असेल तर अलर्टही तेवढा रखडू शकतो. आम्ही 'अॅट लीस्ट वन्स' (किमान एकदा, कधी दोनदाही) ठेवलं आणि व्यवहार क्रमांकावरून दुबार अलर्ट गाळले.

प्रत्यक्ष व्यवहार अडवण्याआधी नवी यंत्रणा सावलीसारखी चालवली: निकाल नोंदवायचे, कृती करायची नाही, रात्रीच्या बॅचशी जुळवायचे. तफावत बहुतेक टाइमझोन आणि रिव्हर्सलच्या (उलटवलेल्या व्यवहारांच्या) नोंदींमुळे निघते. लॅगचा (यंत्रणा मागे पडल्याचा) अलार्म मेसेजच्या संख्येवर लावू नका. सर्वात जुना न वाचलेला व्यवहार किती सेकंद पडून आहे, त्यावर लावा.