आज रात्री काय करायचं, हे ठरवता कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कामावरून दमून घरी येणारी ओळखीची माणसं हा प्रश्न मला हमखास विचारतात. खरं सांगायचं तर मी पदार्थ ठरवतच नाही. फ्रीज उघडते आणि सगळ्यात आधी काय खराब होईल ते बघते. पालेभाजीने मान टाकली असेल, टोमॅटो मऊ पडले असतील, तर आज त्यांची पाळी. कोबी, गाजर, बटाटे चार दिवस थांबतात, त्यांना थांबू द्यावं.

पदार्थ आधी ठरवला की माणूस एका जिन्नसापाशी अडतो. ढोबळी मिरची नाही, म्हणजे बेत रद्द आणि बाहेरून मागवा! खरं तर ढोबळीच्या जागी कोबी चालतो, फरसबी चालते, काहीच नसेल तर जास्तीचा कांदा चालतो. ताटात पोट भरणारं काहीतरी हवं, प्रथिनं देणारं काहीतरी हवं आणि एक भाजी हवी. भात, नूडल्स किंवा ब्रेड. डाळ, अंडी किंवा पनीर. भाजी घरात असेल ती.

अदलाबदल जमायला मात्र एक गोष्ट कळावी लागते, ती म्हणजे कशाला शिजायला किती वेळ लागतो. कढईत आधी गाजर-बटाट्यासारखं कडक, मग फ्लॉवर-फरसबी, मग ढोबळी, आणि पालेभाजी अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या जरा आधी. घाई असेल तर क्रम बदलण्यापेक्षा चिरण्याची पद्धत बदला. गाजराच्या जाड फोडींना बराच वेळ लागतो, तेच किसून घातलं तर दोन-तीन मिनिटांत होतं.

आणि कढई गच्च भरू नका, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. भाज्यांमध्ये पाणीच जास्त असतं, मशरूममध्ये तर नव्वद टक्क्यांच्या आसपास. एकदम ढीगभर टाकलं की ते पाणी सुटतं आणि ते आटेपर्यंत भाजीचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. खमंग तांबूस रंग धरायला साधारण १४० अंश लागतात. म्हणून भाजी दोन खेपांत परता. पाचच मिनिटं जास्त जातात, पण चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सुट्टीच्या दिवशी मी एकच काम उरकून ठेवते: छोले किंवा राजमा रात्रभर भिजवून शिजवते आणि एका वेळेला लागतील एवढे वेगवेगळ्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकते. आठवडाभर तेच कधी सूपमध्ये, कधी भातात, कधी सॅलडमध्ये जातात. राजम्याबाबत मात्र हयगय नको. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं विषारी द्रव्य असतं. भिजवलेलं पाणी टाकून द्या, ताजं पाणी घाला आणि निदान दहा मिनिटं खळखळून उकळा, मग मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेवर शिजवणाऱ्या भांड्यात तो थेट टाकणं धोक्याचं, कारण तिथे उष्णता कमी पडू शकते. पूर्वतयारी काहीच नसेल त्या दिवशी मसूर डाळ आहेच. ती न भिजवता वीसेक मिनिटांत शिजते.

भात मुद्दाम जास्त लावावा. गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो, शितं सुटी राहतात आणि परतताना लगदा होत नाही. पण तो ओट्यावर रात्रभर ठेवू नका. भातात टिकून राहणारे काही जिवाणू खोलीच्या तापमानाला वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजल्यावर पसरून लवकर गार करा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

फ्रीज रिकामा असेल तेव्हा? कांदा-टोमॅटो चांगले गळेपर्यंत परता, त्यात खड्डे करून अंडी फोडा, झाकण ठेवा. सोबत ब्रेड. मला विचाराल तर पाहुण्यांनाही निःसंकोच वाढावं असं हे जेवण आहे.

जेवण बेचव लागलं की हात आधी मिठाकडे जातो. मी आधी लिंबू पिळून बघते. डाळ, सूप, परतलेली भाजी, बहुतेक वेळा कमी असतो तो आंबटपणाच. लिंबू नसेल तर दही किंवा व्हिनेगर.

यानंतर ठरलेला प्रश्न येतो: घरात प्रत्येकाची आवड वेगळी असेल तर? मी मूळ पदार्थ सौम्य ठेवते आणि तिखट, दही, भाजलेले दाणे, चिरलेला कांदा वेगवेगळ्या वाट्यांत टेबलावर ठेवते. लहान मुलं आपापलं वरून घालून घेतात, आणि स्वतः घातलेलं सहसा टाकत नाहीत.