गच्चीवरच्या पडवळाची रोजनिशी

बुधवार, ३० एप्रिल २०२५, अक्षय्य तृतीया

आज आळी घातली, म्हणजे वेलांचं बी लावायची जागा तयार केली. मधून कापलेल्या निळ्या पिंपाचे दोन भाग, रंगाचे पाच डबे आणि मासळीबाजारातून आणलेली थर्माकोलची खोकी, ही आमची आळी. पण आईंच्या तोंडी शब्द तोच. रत्नागिरीकडे त्यांच्या परसात वेलांची आळी अक्षय्य तृतीयेला घालायची रीत होती. डोंबिवलीच्या गच्चीवरही मुहूर्त तोच धरायचा, असं त्यांनी काल रात्रीच सांगून ठेवलं होतं.

गुडघ्यांमुळे त्यांना गच्चीपर्यंत चढवत नाही. कालच दारात उभ्या राहून त्यांनी बियांची पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली होती. भेंडी, शिराळी, लाल भोपळा यांचं बी मी बाजारातून आणलंय. पुरचुंडीत फक्त पडवळ. तीन वर्षांपूर्वी गावचं घर बंद करताना त्यांनी राखेत घोळवून बरोबर घेतलेलं. मोजल्या तर सात बिया. इतकं जुनं बी किती रुजेल याचा भरवसा नाही, म्हणून सगळं एकदम लावायचा धीर झाला नाही. चार काल रात्री भिजत घातल्या होत्या, त्या आज लावल्या. तीन परत पुरचुंडीत.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने पिकवलेलंच खायचं, अशी रीत. गेल्या ऋषिपंचमीला बाजारातून ऋषीच्या भाजीचा वाटा आणला होता. अळू, माठाचे देठ, भेंडी, भोपळ्याची फोड, सुरणाचा तुकडा, सगळं एकात. आईंनी तो निवडायला घेतला आणि म्हणाल्या, "यातलं बैलाच्या कष्टाचं काय आणि हाताने पिकवलेलं काय, हे आता कुणाला विचारायचं?" भाजी केली, नैवेद्य दाखवला, पण ते वाक्य वर्षभर माझ्या मनातून गेलं नाही. निदान एका वर्षी तरी त्यांना उत्तर देता यावं, एवढंच मनात आहे.

रविवार, ११ मे

एक बी रुजलं. चारातलं एक. दोन जाड दलं मातीबाहेर आली आहेत आणि टोकाला बियाचं टरफल अजून टोपीसारखं अडकलंय. ओढून काढायचा मोह झाला, पण हात लावला नाही. पाण्याचे दोन थेंब सोडले, आपोआप सुटेल.

माती म्हणजे निम्मी उसाची चिपाडंच आहेत. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून आम्ही फेब्रुवारीपासून पोती आणतोय. हे ऑफिसातून आले की दोन मजले घरापर्यंत आणि तिथून आणखी दोन गच्चीपर्यंत पोती वाहतात. मुंबईत डॉ. दोशींनी गच्चीवरच्या शेतीसाठी चिपाडांचा वापर दाखवून दिला, तेव्हापासून ही रीत इकडे बरीच रुळली. कारण सरळ आहे. एक घनफूट ओली माती ४० किलोच्या वर भरते, आणि आमची इमारत जुनी आहे. चिपाडं, सुकलेला पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा, थोडं शेणखत आणि वर चार बोटं माती, असे थर लावले की वजन निम्म्यावर येतं आणि मुळांना हवाही मिळते. पालापाचोळा जाळायचा नाही, तो कुजवून माती करायची, हे मी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या कामातून शिकले. दाभोळकर मूळचे गणिताचे. किती ऊन पडलं आणि त्यातून किती पान तयार झालं, असा हिशेब मांडणारे. तो वाचल्यापासून रस्त्याकडेला पानगळीची पेटलेली होळी दिसली की जीव तुटतो.

वरच्या मजल्यावरच्या एका सभासदांनी छत गळेल म्हणून तक्रार दिली आहे. त्यांची भीती खरी आहे, त्यांच्याच डोक्यावर ते छत आहे. सगळी पिंपं विटांवर उचलून ठेवली, खाली ताटल्या दिल्या. पाणी लादीवर साचणार नाही हे रोज बघायचं असं ठरलं.

सोमवार, २६ मे

पाऊस आला. मृग लागायला दोन आठवडे असताना आज मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. आजवरचा सगळ्यांत लवकर आलेला. त्याच्याही आधीपासून, जवळपास अर्धा मे ओलाच गेला.

पडवळाचं रोप गेलं. मातीलगत देठ मऊ पडून पिचला आणि रोप आडवं झालं. मिरचीची रोपंही तशीच कोलमडली. उन्हाळा आहे म्हणून मी आच्छादनाचा जाड थर बुंध्यापर्यंत दिला होता, आणि पाऊस सुरू झाल्यावर तो मागे सारायचं राहून गेलं. बुंध्याशी ओल कोंडून राहिली. चूक माझीच.

खाली येऊन सांगितलं. आई काही वेळ बोलल्या नाहीत. मग पुरचुंडी काढून दिली. "उरलेल्या तिन्ही लाव. ठेवून तरी काय करायच्यात."

रविवार, ८ जून

तिन्हीतलं एक आलंय. या वेळी पिंपाच्या मधोमध मातीचा उंचवटा करून त्यावर बी लावलं होतं, बुंधा कोरडा राहावा म्हणून. वर जुन्या छत्रीचं कापड ताणून बांधलंय. सात बियांतला हा आता एकच जीव.

शनिवार, ५ जुलै

मांडव झाला. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी जिन्यापासून कपड्यांच्या दांडीपर्यंत सुतळ्या ओढल्या. पडवळाचे ताणे सुतळीला स्पर्श झाला की दिवसाभरात वेढे घेतात. पान चुरगळलं तर उग्र वास येतो. मी एक पान खाली नेलं. आईंनी ते बोटांत चोळून नाकाशी धरलं आणि डोळे मिटून घेतले.

शिराळीला फळं धरली. भेंडी एक दिवसाआड निघते. माठ दोनदा खुडून झाला. अळू टाकी भरून वाहते तिथे ठेवलंय. गावी ते न्हाणीच्या पाण्यावर वाढायचं, इथे टाकीच्या. मेथीचे कोंब मात्र कबुतरांनी एका सकाळीत संपवले. आता जाळी टाकल्याशिवाय काही पेरत नाही.

मंगळवार, २९ जुलै, नागपंचमी

आज चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही. एक शिराळं अगदी काढायला आलं होतं, उद्या जून होईल हे दिसत होतं. तरी हात लावला नाही. गच्चीवर नुसती बसून राहिले. एरवी मी वर जाते ती काहीतरी करायलाच, त्यामुळे बघायचं राहतं. आज दिसलं की पडवळाला कळ्यांचे घोस आले आहेत. एका लांब दांड्यावर दहा-बारा कळ्या. घोसाने येतात ती सगळी नर फुलं. मादी फूल एकटं येतं आणि त्याच्या मागे बारीक लवदार काकडी आधीपासूनच असते. ते अजून एकही नाही.

वेल नुसताच पानांनी भरतोय. जूनमध्ये मी दर आठवड्याला शेणाचं पाणी घातलं, त्याचा हा परिणाम असावा. नत्र जास्त झालं की वेल पाला धरतो आणि फुलायचं लांबवतो. आता पाणी सोडून काही द्यायचं नाही. मुख्य शेंडा उद्या खुडीन. आज नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट

मादी फूल आलं होतं आणि मला ते सापडलं सकाळी, मिटून गेल्यावर.

भोपळ्याचं, काकडीचं फूल सकाळी उमलतं, मधमाश्या येतात, काम होऊन जातं. शिराळीचं फूल संध्याकाळचं. पडवळाचं त्याहून उशिरा, दिवेलागणीनंतर. ते रात्रीच्या पतंगांसाठी आहे, म्हणून पांढरं. आमच्या या इमारतींच्या गर्दीत किती पतंग येत असतील? मी तरी अजून एकही पाहिलेला नाही. मग ते काम माणसाने करायचं, आणि फूल उमलेल तेव्हाच करायचं. काल मला दादरला गाडी मिळेपर्यंत साडेसात झाले, घरी पोचून जेवणं झाली, गच्चीवर गेलेच नाही.

बाजारात पडवळ उचलताना मी कधीही विचार केला नव्हता की हे कुठल्या तरी रात्री एका फुलाचं फळ झालेलं आहे. गेला महिनाभर भाजीवालीशी भाव करत नाही. तोंडच उघडत नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

आज लवकर निघायची परवानगी मागितली. कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. साहेबांच्या आईचंही गावी परस होतं म्हणे. त्यांनी जा म्हटलं.

सातला वर पोचले. कळी मिटलेलीच. पिंपाशेजारी विटेवर बसले. खाली मुलं दहीहंडीच्या थरांचा सराव करत होती. अंधार पडत गेला तशी कळीची टोकं सैल झाली. मग पाकळ्या उलगडल्या आणि त्यांच्या कडांना गुंडाळून ठेवलेले पांढरे धागे एकेक सुटत गेले. पाच पाकळ्या आणि भोवती झालर, कुणी क्रोशाने विणल्यासारखी. हे सगळं फार हळू झालं, पण डोळ्यांना दिसेल इतपत. मी पन्नाशी ओलांडली आणि पडवळ जन्मभर खात आले. फूल आज पाहिलं.

घोसातलं एक नर फूल खुडलं, पाकळ्या मागे केल्या आणि परागकण मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवले. एकाच वेलावर दोन्ही फुलं येतात हे नशीब, एका वेलावर निभावतं. शेजारी आणखी एक मादी फूल होतं, त्यालाही केलं. दुसरं नर फूल आईंना दाखवायला खाली आणलं. त्यांनी देवापुढे ठेवलं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

काल आणि आज पावसाने मुंबई थांबवली. गाड्या बंद, ऑफिसला सुट्टी. सकाळी छत्री घेऊन वर गेले. मांडव एका बाजूला झोपलाय. दोन फळांपैकी एक बोटभर होऊन पिवळं पडलंय, त्यावर फळमाशीने टोचल्याची खूण आहे. ते काढून टाकलं, नुसतं खाली टाकलं नाही, पिशवीत बांधून फेकलं, नाहीतर आतल्या अळ्या मातीत कोष करतात. दुसरं वीतभर आहे, हिरवं, पांढऱ्या रेघांचं. त्यावर जुन्या साडीच्या फडक्याची पिशवी शिवून चढवली. मग आम्ही दोघांनी मांडव उभा केला. पाऊस इतका होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

रविवार, २४ ऑगस्ट

फळ हातभर झालं. वाकायला लागलं तसा आईंच्या सांगण्यावरून खाली सुतळीने छोटा दगड बांधला. आता सरळ वाढतंय.

पण मला आज झोप येत नाही. फळ एकच आणि बीही संपलेलं. हे चिरलं तर आईंच्या परसातलं पडवळ इथे संपलं. आज स्वयंपाक करताना त्यांना म्हटलं, हे बियाण्याला ठेवू या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचंही सांगितलं. गावठी वाणांची बियाणं जपली म्हणून २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या. आईंनी ऐकून घेतलं. "चांगलं काम आहे त्यांचं," म्हणाल्या. "पण तू हे कशासाठी लावलंस? वेल अजून उभा आहे ना? मग बी त्याच्याकडे माग. ऋषींचं ऋषींना दे."

गुरुवार, २८ ऑगस्ट, ऋषिपंचमी

पहाटे टॉर्च घेऊन वर गेले. पडवळ काढलं. अळूची नऊ पानं देठांसकट, लाल माठ, अकरा भेंड्या, दोन शिराळी, चार हिरव्या मिरच्या. भोपळा आमच्याकडे धरलाच नाही, तो आणि सुरण, मक्याचं कणीस, ओला नारळ बाजारातून. म्हणजे सगळं आपलं नाही. आईंना तसं सांगितलं. त्यांनी बाजारातलं एका ताटात आणि गच्चीवरचं दुसऱ्या ताटात ठेवायला लावलं. दोन्ही ताटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षी एकच ताट होतं."

चिरायला स्वतः बसल्या. विळी मागितली, सुरी नको म्हणाल्या. अळूचे देठ सोलून, कणसाचे तुकडे करून, पडवळाच्या चकत्या. आतल्या बिया अगदी कोवळ्या, पांढऱ्या, दाताखाली न जाणवतील अशा. तेल नाही, फोडणी नाही. नुसत्या वाफेवर शिजवून चिंचेचा कोळ, मिरची, मीठ आणि वरून ओलं खोबरं. सोबत वरीचा भात.

जेवताना त्यांनी गावच्या बैलांची नावं सांगितली, पवळ्या आणि ढवळ्या. वर्षभर चिखलात राबायचे. आजच्या दिवशी त्यांच्या खांद्यावर जू नसायचं आणि घरात त्यांच्या कष्टाचा दाणा शिजायचा नाही. या गोष्टी मी इतकी वर्षं घरात असून कधी ऐकल्या नव्हत्या.

संध्याकाळी दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून आलो.

शनिवार, ३० ऑगस्ट

दिवेलागणीला वर गेले. शेंडा खुडल्यावर फुटलेल्या बाजूच्या फांद्यांवर आज एकदम तीन मादी फुलं उमलली. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. तिन्हींना नर फुलं टेकवली. पहिल्या दोघांवर फडक्याच्या पिशव्या चढवल्या. तिसऱ्यावरही चढवली आणि त्याच्या देठाला लाल दोरा बांधला. ते काढायचं नाही, वेलावरच नारिंगी होऊन फुटेपर्यंत.

खाली आल्यावर आईंनी विचारलं, "किती?"

"तीन. एकाला दोरा बांधलाय."

त्यांनी रिकामी पुरचुंडी धुऊन दोरीवर वाळत घातली होती.