खजिना सापडला, मग दुसऱ्या भागात काय उरलं?

शाळेत गोष्टी सांगायला गेले, वाचनालयाच्या कार्यक्रमाला गेले, अगदी नात्यातल्या लग्नाला गेले तरी हा प्रश्न ठरलेला. "पोरांना हंडा तर मिळाला. आता दुसरा भाग कशाचा लिहिताय?" विचारणारे बहुतेक मोठे असतात. मुलं वेगळंच विचारतात, त्याकडे पुढे येते.

माझ्या किशोर कादंबरीचा पहिला भाग ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोष्ट १८७९ च्या पुण्यातली आहे. मोठा दुष्काळ नुकताच सरलाय. सराफाच्या पेढीवर नाणी मोजणारा सदू, खडकवासल्याच्या धरणावर दगड फोडणारा वडाराघरचा भिवा, कारकुनाच्या घरात वाढलेली आणि मोडी झरझर वाचणारी बालविधवा यमू, आणि पायाळू, म्हणजे जिला भुईतलं धन दिसतं असं लोक मानतात ती गोदी, अशी ही चौकडी. नाना फडणिसांनी लपवला म्हणून ज्याच्या कहाण्या चालत आल्या, तो ऐवज त्यांना लोहगडावर सापडतो. परतताना भुयाराचं तोंड ढासळतं आणि भिवा आतच राहतो. पुस्तक तिथे संपतं.

हंडा सापडला की गोष्ट संपली असं आपल्याला वाटतं, कारण लहानपणी ऐकलेल्या गोष्टी तिथेच संपायच्या. पुढे सगळे सुखानं नांदायचे. पण त्या काळातलं थोडंफार वाचल्यावर माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न बसला, तो काही केल्या उठेना. दुष्काळातून वाचलेलं फाटक्या कपड्यातलं पोर हातात मोहर घेऊन पुण्याच्या बाजारात गेलं, तर पुढे काय होईल?

कंपनी सरकारनं १८३५ मध्ये आपल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला. त्याआधीचं नाणं, म्हणजे पुण्याचा अंकुशी रुपया घ्या, चांदवडी घ्या, नाहीतर सोन्याची मोहर, सराफाकडे नेलं की त्याचं वजन व्हायचं, कस लागायचा आणि बट्टा, म्हणजे किमतीतली घट, कापला जायचा. सदूला हे सगळं पाठ आहे. सराफ आधी शिक्का बघतो. मग मोहर कसोटीच्या काळ्या दगडावर ओढतो आणि उमटलेली रेघ उजेडात धरून न्याहाळतो. मग तराजू. आणि सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, तो मोहर आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण मी त्या बघण्यावर लिहिलं आहे. सदूनं पेढीवर बसून मालकाची ती नजर शेकडो गिऱ्हाइकांवर पडताना पाहिलेली असते. आज ती त्याच्यावर पडते.

त्यात ते वर्षच तसं होतं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनची गावंच्या गावं बसली. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामांवरची मजुरी आणखी कापली, तेव्हा उपाशी मजूर काम टाकून निघून गेले होते. १८७९ उजाडलं तेव्हा वासुदेव बळवंत फडके बंड करून उठले होते, त्यांची माणसं गावोगावच्या सावकारांवर दरोडे घालत होती आणि घाटाखाली-घाटावर पोलिस अन् फौज त्यांच्या मागावर होती. मे महिन्यात पुण्यातला बुधवारवाडा जाळला गेला, विश्रामबागवाड्यालाही आग लावली. जुलैत फडके पकडले गेले. अशा सहा महिन्यांत ज्याच्याजवळ अचानक जुनं सोनं निघेल, त्याला पहिला प्रश्न काय विचारला जाईल? कोणत्या दरोड्यातलं?

मग सरळ सरकारला कळवावं, असं तुम्ही म्हणाल. यमूही तेच म्हणते. इथे मला इतिहासानं फार मोठी देणगी दिली. सरकारनं निखात निधीचा कायदा, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा, नेमका १८७८ साली केला. तो आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर ज्याला सापडलं त्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या दिवशी. ऐवज सरकारी खजिन्यात भरायचा नाहीतर जामीन द्यायचा. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. मालक कोणीच ठरला नाही आणि वेगळा काही करार नसला, तर चारातले तीन हिस्से ज्याला सापडलं त्याला आणि चौथा जागेच्या मालकाला. सरकारला तो ऐवज हवा असेल तर नुसत्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं. शिक्का कोणाचा, घडण कोणती, याला मोल नाही.

मला खरं सापडलं ते पुढच्या कलमात. कळवलेल्या धनाची कलेक्टर जाहीर नोटीस काढतो. ज्याचा कोणाचा हक्क असेल त्यानं अमुक दिवशी हजर व्हावं. तो दिवस नोटिशीपासून चार महिन्यांच्या अलीकडे नको आणि सहा महिन्यांच्या पलीकडे नको. एवढा काळ सगळ्या मुलखाला ठाऊक, की लोहगडावर धन निघालं. कोणी काढलं, तर या पोरांनी. आणि त्यांना जागा कशी कळली? त्यांच्यात एक पायाळू पोरगी आहे.

माझा दुसरा भाग म्हणजे हे चार ते सहा महिने. पहिल्या भागात गोदी खजिना शोधत होती. आता माणसं गोदीला शोधतात.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेलं मूल. आपल्याकडे त्याच्याभोवती किती समजुती चिकटल्यात ते मी माझ्या आजोळी पाहिलं आहे. शेजारच्या घरात एक पायाळू मुलगा होता. कोणाच्या पाठीत उसण भरली की त्याला बोलावणं यायचं. मोठ्या बायका ओसरीवर पालथ्या पडायच्या आणि तो सात-आठ वर्षांचा पोरगा लाजत लाजत त्यांच्या कमरेवर पाय द्यायचा. पावसाळ्यात ढग गडगडायला लागले की त्याची आई त्याला घरात ओढायची, कारण पायाळूवर वीज पडते. आणि तिसरी समजूत मोठी माणसं आवाज बारीक करून बोलायची: डोळ्यांत अंजन घातलं तर पायाळूला भुईतलं धन दिसतं. उसणेचं आणि विजेचं बोलताना कोणी आवाज उतरवत नसे.

पहिलं पुस्तक आल्यावर तालुक्याच्या एका गावी गेले होते. कार्यक्रम संपला, मुलं खाऊ घ्यायला पळाली आणि नववीतली एक मुलगी माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "मॅडम, मी पण पायाळू आहे. आमच्या घरी मला शेताकडं एकटीला जाऊ देत नाहीत." भीती वाटते का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मला नाही वाटत. आईला वाटते." आणि खाऊ घ्यायला गेली. तिच्या आईची भीती हवेतली नाही. परभणी जिल्ह्यात मानवतला १९७२ ते ७४ च्या दरम्यान मुली आणि बायका एकामागून एक मारल्या गेल्या, त्या प्रकरणात गुप्तधनाचं नाव निघालं. आणि २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा केला, तेव्हा त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. एकविसाव्या शतकात करावा लागला.

मग काहीजण मला चिडून विचारतात, आणि त्यांचं चिडणं मला पटतं, की हे सगळं माहीत असताना मुलांच्या पुस्तकात पायाळू आणताच कशाला? अंधश्रद्धेला खतपाणी नाही का? मी यावर खूप विचार केला आहे. आपण बोललो नाही म्हणून ही समजूत मरत नाही, ती ओसरीवर बारीक आवाजात चालूच राहते. तेराव्या वर्षी मुलं ती ऐकतात आणि त्यावर मोठ्यांशी बोलायची सोय नसते. मी पायाळूची गोष्ट मुलांच्या समोर, मोठ्या आवाजात सांगते, आणि तिच्यातली शक्ती माझ्या हातात असल्यामुळे ती कुठे वळवायची ते मी ठरवते. माझ्या गोदीला धन दिसतच नाही. तिला ते पुरणारा माणूस दिसतो. पुरतानाचे त्याचे हात, त्याचा धापा टाकणारा श्वास, मागे वळून बघणं. खाली सोनं आहे की बायकोचे दोन तोडे आहेत की नुसती बियाण्याची पिशवी, हे तिला सांगता येत नाही. ज्याला मोहरा हव्यात त्याला हिचा तसा काही उपयोग नाही. पण हे त्याला पटवायचं कसं, यावर अर्धं पुस्तक उभं आहे.

लोहगड मी याच कारणासाठी निवडला. गडाच्या गणेश दरवाज्याच्या बुरुजाखाली, तो उभा राहावा म्हणून, माणसांचे बळी दिले आणि त्या घराण्याला बदल्यात पाटीलकी दिली, असं परंपरेनं सांगतात. पावसाळ्यात हजारो लोक त्या दरवाज्यातून वर जातात, विंचूकाट्याच्या सोंडेवर फोटो काढतात. मीही जाते, मला तो गड फार आवडतो. पण दरवाज्याशी आले की पाय रेंगाळतात. पहिल्या भागात गोदी तिथे नुसती चक्कर येऊन बसते आणि पोरांना वाटतं ऊन लागलं. तिनं काय पाहिलं ते दुसऱ्या भागात ती यमूला सांगते. ते प्रकरण मला सगळ्यात जड गेलं. किशोरवयीन वाचकांसाठी ते फार भयंकर होईल का, असं माझ्या संपादकांनी विचारलं. मी रक्ताचा एक थेंबही लिहिलेला नाही. गोदी फक्त सांगते की खड्ड्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला कोणीतरी नवं धोतर नेसवलं होतं, आणि ते त्याला नीट बसत नव्हतं म्हणून तो पुन्हापुन्हा निऱ्या सारख्या करत होता. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना एवढं पेलतं. त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

आता मुलांचा प्रश्न. ती खजिन्याबद्दल क्वचितच विचारतात. त्यांचं एकच असतं, "भिवाला परत आणणार का?" काहींनी उपायही कळवलेत: भुयाराला दुसरी वाट होती, दगडाखाली पोकळी होती, गोदीच्या शक्तीनं होईल काहीतरी. भिवा परत येणार नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगते. वडारांची पोरं धरणं, पूल आणि वाडे बांधताना दगडाखाली गेली, त्यांच्यासाठी कोणाची शक्ती आली नाही. ते मरण मी खोटं पाडणार नाही. उरलेले तिघं एकमेकांशी धड बोलत नाहीत, सदू सगळ्यांवर खेकसतो, यमू नको तितकी शहाण्यासारखी वागते, आणि हिस्से करायची वेळ येते तेव्हा चार करायचे की तीन, यावर त्यांचं पहिलं मोठं भांडण होतं. पण एका सातवीतल्या वाचकानं पत्रात लिहिलं, "भिवानं जिवंत असताना कुठं काही पुरून ठेवलं असेल तर गोदीला तो दिसेल ना?" माझे नियम माझ्यापेक्षा त्या मुलाला जास्त कळले होते. त्याची परवानगी घेऊन मी ते वापरलं आहे. भिवानं काय पुरलं होतं ते इथे सांगत नाही, एवढंच सांगते की त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा खूप कमी आहे आणि कलेक्टरला कळवायची गरज पडत नाही.

लोहगडावरच्या धनाचा कलेक्टरकडचा अर्ज यमू लिहिते. आधी पानभर आडव्या रेघा, मग बोरू न उचलता शब्दाला शब्द जोडत जाणारी मोडी, मध्ये कुठे जागा नाही. खाली तीन निशाण्या आणि एक रिकामी जागा. ती रिकामी जागा का सोडली म्हणून कचेरीतला कारकून विचारतो आणि तिघांपैकी कोणी उत्तर देत नाही.

सध्या मी नोटिशीनंतरच्या तिसऱ्या महिन्यात आहे. ऐवजावर हक्क सांगायला माणसं जमू लागलीत. कोणी नाना फडणिसांच्या कारभाऱ्यांच्या वंशातला, कोणी गडाच्या हवालदाराचा पणतू, कोणाच्या हातात कागद, कोणाच्या तोंडी नुसती शपथ. त्यांच्यातला एकजण हंड्याबद्दल चकार शब्द काढत नाही, पोरगी कुठे राहते तेवढं विचारून जातो. त्याच्यापासून तिला वाचवायचं ते यमू आणि सदूनं, स्वतःच्या अकलेनं. मंत्र नाही, चमत्कार नाही, एवढं मी ठरवलं आहे. कसं ते मला अजून पुरतं सुचलेलं नाही, आणि गणपतीच्या आत हे प्रकरण हातावेगळं करायचं आहे.